पेल्यांतील बर्फ आणि समुद्राची पातळी

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं सरबताच्या एका पेल्यावरून जो वाद माजला, तो आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. वाद क्षुल्लक होता. परंतु त्याचा माग काढतां काढतां आम्ही आमच्या स्वतःच्याच एका जुन्या चुकीपाशीं जाऊन पोंचलों, आणि तो भाग सांगितल्यावांचून बाकीचें सांगणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

सुटीमुळें घर मुलांनीं भरलेलें होतें. दुपारच्या जेवणानंतर सूनबाईंनीं सर्वांसाठीं कोकमाचें सरबत केलें व प्रत्येक पेल्यांत फ्रीजमधील बर्फाचे दोन दोन खडे टाकले. आमचा मधला नातू मोठा चौकस आहे. त्यानें आपला कांचेचा पेला अगदीं कांठोकांठ भरून घेतला. इतका कीं, बर्फाचीं टोकें कांठाच्या वर आलेलीं दिसत होतीं. मग पेल्याला तोंड न लावतां तो तसाच पुढें घेऊन बसला आणि म्हणाला, "आजोबा, हा बर्फ वितळला कीं पेला सांडणार कीं नाहीं?"

हां हां म्हणतां घरांत पक्ष पडले. आमच्या सौभाग्यवतींचें मत असें पडलें कीं, बर्फ एवढा वर आला आहे, त्याचें पाणी होऊन जाईल कोठें? सांडणारच. भावजयीनेंही त्यांचीच री ओढली. कोंकणांतून आलेले आमचे धाकटे बंधु म्हणाले कीं, बर्फ मुळांत फुगलेला असतो, तेव्हां पाणी उलट खालीं जाईल. थोरली नात यंदा अकरावीच्या शास्त्रशाखेंत आहे. तिचें म्हणणें, पाणी होतें तेथेंच राहील. आम्ही मध्यस्थाचा आव आणून गप्प राहिलों. खरें सांगावयाचें तर आमच्या गप्प राहण्याचें कारण मध्यस्थपणा हें नव्हतें. उत्तराची आमचीच खात्री नव्हती.

घटकाभरानें पाहतात तों पेल्याच्या बुडाशीं टेबलावर पाण्याचें लहानसें तळें! सौभाग्यवतींनीं विजयी मुद्रेनें सर्वांकडे पाहिलें. नातीनें मात्र वांकून तें पाणी निरखलें आणि म्हणाली, "आजी, सरबत लाल आहे. मग हें सांडलेलें पाणी पांढरें कसें?" यावर सारेच निरुत्तर झाले. पेल्यांतील एक थेंबही बाहेर आलेला नव्हता. थंडगार कांचेला लागून हवेंतील बाष्पाचें दंव झालें होतें व तेंच ओघळून खालीं सांचलें होतें. सरबत कांठाशीं जसेंच्या तसें होतें. फक्त बर्फाचीं टोकें नाहींशीं झालीं होतीं. सरबताऐवजीं साधें पाणी असतें, तर आजीबाईंचा विजय त्या दिवशीं कायम झाला असता आणि घरांतील चार मुलें जन्मभर चुकीची गोष्ट डोळ्यांनीं पाहिल्याची ग्वाही देत राहिलीं असतीं.

या गोष्टीचें मर्म ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत सिसिली बेटावरील सिराक्यूज नगरींत राहणाऱ्या आर्किमिडीजनें सांगून ठेविलें आहे. तरंगणारा पदार्थ आपल्या वजनाइतकें पाणी बाजूस सारतो. पाणी गोठलें म्हणजे तें फुगतें, हें धाकट्या बंधूंचें म्हणणें खरेंच आहे. एक घनमीटर गोड्या पाण्याचें वजन १००० किलो भरतें. तेवढ्याच आकाराच्या बर्फाचें सुमारें ९१७ किलो. म्हणून खड्याचा बारावा हिस्सा पाण्याच्या वर डोकावतो आणि बाकीचा बुडालेला असतो. आतां बुडालेल्या भागानें जेवढी जागा अडविली, तेवढ्या जागेंत मावणाऱ्या पाण्याचें वजन संबंध खड्याच्या वजनाइतकें असतें. तो खडा वितळला कीं त्याचें पाणी बरोबर तेवढ्याच जागेंत बसतें. वर डोकावणारें टोंक हा केवळ फुगवटा होता, तो जिरतो.

मुलांना आम्हीं हें पंगतीच्या दृष्टांतानें सांगितलें. जो गृहस्थ पाटावर येऊन बसलेला आहे, त्यानें डोक्यावरचा उंच फेटा उतरून ठेवला म्हणून पंगतींत एक पाट जास्त मांडावा लागत नाहीं. परंतु दाराबाहेर ओटीवर बसलेला मनुष्य जर आंत आला, तर मात्र सर्वांना सरकून बसावें लागतें. तरंगणारा बर्फ हा पाटावर बसलेला गृहस्थ. जमिनीवरचा बर्फ हा ओटीवरचा.

ओटीवरच्या पाहुण्याचाही प्रयोग आम्हीं त्याच संध्याकाळीं करून पाहिला. लोणच्याची एक रिकामी कांचेची बरणी घेऊन तींत पाण्याच्या वर डोकें राहील असा एक उभट दगड ठेविला. पाण्याच्या पातळीला बरणीबाहेरून दोरा बांधला, आणि दगडाच्या माथ्यावर बर्फाचे चार खडे रचले. दिवेलागणीला दोरा पाण्याखालीं गेलेला होता. या खेपेस कोणास कांहीं विचारावें लागलें नाहीं.

येथपर्यंतची हकीगत कोणत्याही क्रमिक पुस्तकांत सांपडेल. आतां आमची चूक सांगतों.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं आम्ही एका शाळेंत आठवीला भूगोल शिकवीत असूं. त्या वर्षींच्या वार्षिक परीक्षेंत आम्हीं एक प्रश्न घातला होता: उत्तर ध्रुवाकडील समुद्रावरचें बर्फ वितळल्यास जगांतील समुद्रांच्या पातळीवर काय परिणाम होईल? कारण द्या. गुण चार. सर्व मुलांनीं आम्हांस हवें तें लिहिलें: पातळी वाढेल, किनारे बुडतील. एका मुलानें लिहिलें, 'विशेष फरक पडणार नाहीं, कारण तें बर्फ पाण्यावर तरंगतच आहे.' आम्हीं त्यावर तांबड्या शाईनें फुली मारली, चारांपैकीं शून्य दिलें, आणि समासांत 'विचार करून लिहावें' असा शेरा मारला. मुलगा उत्तरपत्रिका घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं आला होता. आम्हीं त्यास बोलूं दिलें नाहीं. त्याचा पहिला क्रमांक तीन गुणांनीं हुकला. गांवांतील एक सद्गृहस्थ पहिल्या येणाऱ्या मुलास पुढील वर्षाचीं पुस्तकें घेऊन देत असत. तीं त्या सालीं दुसऱ्या एका, खाऊनपिऊन सुखी घरच्या, मुलास मिळालीं. या मुलाची आई शिवणकाम करून घर चालवीत होती, हें आम्हांस तेव्हांही ठाऊक होतें.

पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुवाची जागा पांढऱ्या रंगानें दाखविलेली असते. त्यामुळें तेथें कांहीं तरी भूमि असावी, असा आमचा विद्यार्थिदशेपासूनचा समज होता आणि तो तपासून पाहावा असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. वस्तुतः तेथें भूमि नाहीं. ध्रुवबिंदूखालीं चार हजार मीटरांहून खोल समुद्र असून त्यावर थोड्याच मीटर जाडीचें बर्फाचें कवच तरंगत असतें. उपग्रहांच्या द्वारें १९७९ पासून या कवचाची सलग मोजणी होत आली आहे. दर वर्षीं सप्टेंबरांत तें सर्वांत आक्रसतें. २०१२ च्या सप्टेंबरांत तें सुमारें ३४ लाख चौरस किलोमीटरच उरलें होतें, म्हणजे मोजणीच्या आरंभींच्या वर्षांच्या निम्म्याच्या आसपास. एवढा बर्फ गेला, पण त्याचें पाणी होऊन समुद्र चढला असें झालें नाहीं. त्याचा अनर्थ निराळ्या वाटेनें होतो. पांढरा बर्फ ऊन परतवितो आणि काळें पाणी तें शोषून घेतें. त्यामुळें उष्णता वाढते.

म्हणून 'बर्फ वितळला, अतएव समुद्र चढला' या अनुमानांतील हेतु सव्यभिचार आहे, असें आमचे न्यायशास्त्राचे शास्त्रीबुवा असते तर म्हणाले असते. बर्फ कोठला, हें आधीं विचारलें पाहिजे.

येथें एक बारीक पाचर आहे, ती वगळून चालणार नाहीं. समुद्राचें पाणी खारट, म्हणून जड असतें. घनमीटरला सुमारें १०२५ किलो. बर्फ मात्र जवळजवळ गोडा असतो. हजार टनांचा हिमनग खाऱ्या समुद्रांत सुमारें ९७६ घनमीटर जागा अडवितो, पण वितळल्यावर त्याचें गोडें पाणी हजार घनमीटर होतें. चोवीस घनमीटर पाणी अधिक झालें! २००७ सालीं कांहीं शास्त्रज्ञांनीं याचा हिशेब मांडून दाखविला. जगांतील यच्चयावत् तरंगतें बर्फ वितळलें तरी या कारणानें समुद्र सुमारें चार सेंटिमीटरच चढेल, आणि त्यांतील बहुतेक वाटा अंटार्क्टिकाच्या कडेनें तरंगणाऱ्या जाड हिममंचांचा. उत्तर ध्रुवाच्या पातळ कवचाचा वाटा नगण्यच. आमच्या कोकमाच्या सरबतांतही मीठसाखर होतीच, तेव्हां तेंही केसभर चढलें असलें पाहिजे. पण कांठाशीं जो किंचित् फुगीर पडदा धरतो त्यांत तें खपून गेलें.

आतां ओटीवरचे पाहुणे. ते मुख्यतः दोन. ग्रीनलंडवर सुमारें १७ लाख चौरस किलोमीटर प्रदेशांत बर्फाचा थर पसरला असून मध्यभागीं त्याची जाडी तीन किलोमीटरांहून अधिक आहे. तो सगळा समुद्रांत आला तर जगांतील समुद्र सरासरीनें सात मीटरांहून अधिक चढतील. अंटार्क्टिकाचा थर याच्या कितीतरी पट मोठा. त्यांत सुमारें ५८ मीटरांची चढण सांठलेली आहे. जगांतील बाकीच्या सर्व डोंगरी हिमनद्या, आपल्या हिमालयांतील धरून, एकत्र केल्या तरी त्यांची चढण सुमारें तीस सेंटिमीटर भरते. हिमालयांतील बर्फाची चिंता समुद्रासाठीं करावयाची नसून त्याच्या पायथ्याच्या नद्यांसाठीं करावयाची आहे. ऑक्टोबर २०२३ मध्यें सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हें हिमनदीच्या तोंडाशीं सांचलेलें सरोवर फुटलें आणि तिस्ता नदीवरचें चुंगथांग येथील धरण वाहून गेलें, हें वाचकांस स्मरत असेल.

एवढा बर्फ एका दिवसांत येणार नाहीं. त्यास शतकें, सहस्रकें लागतील. परंतु येणें सुरू झालेलें आहे. समुद्राचा विस्तार इतका अफाट आहे कीं, त्याची पातळी एक मिलिमीटर चढविण्यास सुमारें ३६ हजार कोटी टन पाणी लागतें. २००२ पासून उपग्रहांच्या एका जोडीनें व पुढें तिच्या जागीं आलेल्या दुसऱ्या जोडीनें ग्रीनलंडचें जणूं वजनच करीत राहण्याचें काम चालविलें आहे. त्या मापाप्रमाणें तेथून वर्षास सरासरी सुमारें २६ हजार कोटी टन बर्फ कमी होत आहे. म्हणजे एकट्या ग्रीनलंडमुळें वर्षाला पाऊण मिलिमीटराच्या आसपास. हवामानबदलाविषयींच्या आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालांत १९०१ ते २०१८ या काळांत जगाचा समुद्र सरासरी वीस सेंटिमीटर चढल्याचें नमूद आहे. पूर्वीं ही गति वर्षास सव्वा मिलिमीटराच्या घरांत होती. २००६ ते २०१८ या काळांत ती ३.७ मिलिमीटर झाली. यांत एक गोष्ट बहुतेकांस ठाऊक नसते. १९७१ पासूनच्या चढणीचा सुमारें निम्मा भाग बर्फाचा नव्हेच. पाणी तापलें कीं प्रसरण पावतें, त्याचा तो आहे. चुलीवरचें कांठोकांठ भरलेलें पातेलें उकळी येण्याच्या आधींच कसें सांडूं लागतें, हें घरांतील स्त्रियांस सांगावयास नको.

तर मग तरंगतें बर्फ अगदींच निरुपद्रवी कीं काय? आमची नात तसें म्हणूं लागली, तेव्हां आम्हीं तिला लार्सन-ब ची हकीगत सांगितली. अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पाच्या पूर्व कडेला या नांवाचा एक प्रचंड हिममंच समुद्रावर तरंगत होता. २००२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें त्याचा सुमारें ३,२५० चौरस किलोमीटरांचा भाग, म्हणजे गोवा राज्याहून थोडासाच लहान, महिन्याभरांत तुकडे तुकडे होऊन विखुरला. तो तरंगतच होता. त्यामुळें समुद्र चढला नाहीं. परंतु त्याच्या मागें जमिनीवर ज्या हिमनद्या होत्या, त्यांना तो मंच आजवर अडवून धरीत होता. मोरीच्या तोंडाचा बोळा काढावा तसें झालें. त्या हिमनद्या कित्येक पटींनीं वेगानें समुद्राकडे सरकूं लागल्या. म्हणजे पाटावर बसलेल्या गृहस्थानें जागा वाढवून मागितली नाहीं हें खरें, पण तो दारांत पाट मांडून बसला होता म्हणूनच ओटीवरची मंडळी बाहेर राहिली होती.

धाकट्या बंधूंचा प्रश्न याहून व्यवहाराचा होता. त्यांचें घर व नारळीपोफळीची बाग रत्नागिरी जिल्ह्यांत खाडीच्या तोंडाशीं आहे. ते म्हणाले, "दादा, ग्रीनलंड कोठें आणि आपण कोठें! तेथलें पाणी तेथल्या लोकांना आधीं बुडवील. आपल्याकडे पोंचेपर्यंत काय उरणार?" प्रश्न अगदीं स्वाभाविक आहे, आणि उत्तर अगदीं उलटें आहे.

तीन किलोमीटर जाडीचा बर्फाचा डोंगर स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानें आसपासचा समुद्र आपल्याकडे ओढून धरीत असतो. रॉबर्ट वुडवर्ड या अमेरिकन गणितज्ञानें १८८८ सालीं याचें गणित केलें होतें. डोंगर वितळून हलका झाला कीं ती ओढ सैल पडते आणि धरून ठेवलेलें पाणी दूर निघून जातें. त्यामुळें ग्रीनलंडच्या भोंवतालीं सुमारें दोन हजार किलोमीटरांपर्यंत समुद्र चढण्याऐवजीं उतरतो! शिवाय बर्फाच्या भारानें दबलेली तेथील जमीनही वर येऊं लागते. ही तूट भरून निघते ती दूरच्या किनाऱ्यांवर. ग्रीनलंडच्या मध्यापासून कोंकणकिनारा साडेआठ हजार किलोमीटरांहून दूर आहे. म्हणजे ग्रीनलंडच्या पाण्यांतील आमच्या बंधूंचा हिस्सा जगाच्या सरासरीहून किंचित् जास्तच. अंटार्क्टिकाही तितकाच दूर, तेव्हां तिकडूनही सूट नाहीं.

जमीन वर येते ही गोष्ट बंधूंना कल्पित वाटली, म्हणून स्वीडनचें उदाहरण दिलें. उष्णतामापकामुळें ज्याचें नांव घरोघर झालें, त्या सेल्सियसनें १७३१ सालीं बॉथनियाच्या आखातांतील एका खडकावर समुद्राच्या पातळीची खूण कोरविली. पुढें ती खूण पाण्यापासून उंच उंच जात राहिली. सेल्सियसला वाटलें, समुद्राचें पाणी आटत आहे. पाणी आटत नव्हतें. हजारों वर्षांपूर्वीं तेथील बर्फ वितळून गेल्यावर मोकळी झालेली जमीन अद्यापि वर उठत आहे, वर्षास सुमारें आठ-नऊ मिलिमीटर या वेगानें. एवढा मोठा विद्वान् पाण्याकडे पाहत राहिला आणि पायांखालची जमीन हलते हें त्याच्या ध्यानांत आलें नाहीं, हें वाचून आम्हांस थोडा धीर आला, हें कबूल करतों.

त्याच बर्फाच्या काळांत, सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं, जगाचा समुद्र आजच्याहून सुमारें १२० मीटर खालीं होता. मुंबईसमोरचा समुद्रतळ दूरवर उथळ आहे. तेव्हां त्या वेळचा किनारा पुष्कळच पश्चिमेस होता. परशुरामानें बाण मारून समुद्र हटविला, ही कथा आपण कोंकणस्थ मोठ्या अभिमानानें सांगतों. भूगर्भशास्त्राप्रमाणें पाहतां समुद्र आधीं दूर होता आणि मागाहून आंत आला. दंतकथेस भूगोल समजूं नये, एवढेंच.

मुंबईस अपोलो बंदरावर भरतीओहोटीची नोंद १८७८ पासून होत आली आहे. त्या नोंदींवरून विसाव्या शतकांत तेथील समुद्र वर्षास एक मिलिमीटराहूनही कमी गतीनें चढल्याचें दिसतें. हें ऐकून बंधूंची मुद्रा जरा उजळली. पण गति आतां वाढली आहे हेंही आम्हीं सांगितलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. खाडीचा बांध यंदा एक हात उंच करावा असें भाऊबंदांत चाललें आहे आणि खर्चावरून अडलें आहे, एवढें ते निघतांना म्हणाले.

त्या रात्रीं आम्हांस झोंप नीट लागली नाहीं. दुसऱ्या दिवशीं एका माजी विद्यार्थ्याकडून त्या मुलाचा दूरध्वनि-क्रमांक मिळविला. मुलगा कसला, चाळिशी उलटलेला गृहस्थ. तालुक्याच्या गांवीं त्याचें दुकान आहे. आम्हीं नांव सांगतांच तो एकदम "गुरुजी!" म्हणाला. आम्हीं सारी हकीगत सांगितली. तो प्रश्न त्याला मुळींच आठवत नव्हता. "पण गुरुजी," तो म्हणाला, "नववीचीं पुस्तकें आईनें उसनवारी करून जुनीं आणलीं होतीं, तें आठवतें. गणिताच्या पुस्तकाचीं शेवटचीं पानें नव्हतीं. उत्तरें पाहायला शेजारीं जावें लागे."

आम्हांस यावर कांहीं बोलतां आलें नाहीं. थोड्या वेळानें तोच हंसून म्हणाला, "मग गुरुजी, आतां किती गुण देतां?"

खाऱ्या पाण्याचा बारकावा त्यानें लिहिला नव्हता, हें खरें. पण 'विशेष फरक' असा शब्द त्यानें योजिला होता, आणि आठवीच्या मुलाकडून त्याहून अधिक आम्हीं मागितलेंही नव्हतें. आम्हीं त्यास चारांपैकीं चार सांगितले.